टाकाऊ बरणीतून फिशटँकचा फिल्टर: साहित्याच्या निवडीपासून देखभालीपर्यंत

फिशटँक घरी आणल्यावर पहिल्या महिन्यातच पाणी गढूळ होते आणि मग फिल्टरचा शोध सुरू होतो. त्यामुळे फिल्टर म्हणजे पाण्यातला कचरा अडवणारी गाळणी, अशी समजूत होऊन बसते. गाळण्याचे काम फिल्टर करतो हे खरे, पण ते त्याचे दुय्यम काम आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात, शिवाय उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो, आणि अमोनियाला रंग नसल्यामुळे काचेसारखे नितळ दिसणारे पाणीसुद्धा माशांच्या जिवावर उठू शकते. या अमोनियाचा बंदोबस्त करणारे जिवाणू जिथे वस्ती करतात ती जागा म्हणजे फिल्टर. एवढे लक्षात घेतले, की एक दिलासा देणारी गोष्ट ओघानेच समजते: या जिवाणूंना चिकटायला खरबरीत पृष्ठभाग, भरपूर ऑक्सिजन आणि अखंड वाहते पाणी एवढेच लागते. ते सगळे एका टाकाऊ बरणीत उत्तम जमवता येते, फक्त बरणीत काय भरायचे आणि काय मुळीच भरायचे नाही याची जाण हवी.

मी इथे जो फिल्टर सांगणार आहे तो टाकीच्या आत, तळाशी ठेवायचा आणि हवेच्या पंपावर चालणारा आहे. त्याला पाण्यात बुडणारी मोटर लागत नाही, त्यामुळे पाण्यात वीज जाण्याचा प्रश्न उरत नाही. त्याचा ओढा सौम्य असल्याने लहान पिल्ले सहसा खेचली जात नाहीत. आणि तो खोलून साफ करायला कोणतेही हत्यार लागत नाही. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच अशा टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते, पण वरची मोकळी जागा, तळाची वाळू आणि दगड वजा जाता प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास असते. पुढची सगळी मापे अशा टाकीसाठी आणि त्यात मोजकेच लहान मासे असतील असे धरून दिली आहेत. टाकी याहून मोठी असेल तर बरणी मोठी करण्यापेक्षा दोन बरण्या दोन कोपऱ्यांत ठेवाव्यात. त्याचे कारण देखभालीच्या भागात येईल.

आधी आत काय घडते ते पाहू

जिवाणूंचे काम दोन टप्प्यांत चालते. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच असते; ते माशांच्या रक्तात शिरले की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. शेवटी तयार होणारे नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते आणि पाणी बदलून ते काढता येते. मातीतल्या अशा जिवाणूंना सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. फिशटँकमध्ये नायट्राइट संपवण्याचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा या गटातले जिवाणू करतात, हे मात्र १९९८ मध्ये स्पष्ट झाले. या जिवाणूंची वाढ फार संथ असते. दूध नासवणाऱ्या जिवाणूंची संख्या अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकते. यांना अनुकूल परिस्थितीतही अर्धा ते एक दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून फिल्टर एका दुपारी बांधून होतो, पण तो खऱ्या अर्थाने कामाला लागायला महिना-दीड महिना जावा लागतो.

ऑक्सिजनचा मुद्दाही नीट समजून घेण्यासारखा आहे. अमोनियाच्या रूपातला १ ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत नेताना साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. याचा अर्थ असा, की फिल्टरमध्ये कितीही उत्तम साहित्य भरले आणि पाणी मात्र त्यातून नीट वाहिले नाही, तर आतले जिवाणू गुदमरतात. बरणी ठासून भरणे ही म्हणूनच सर्वांत मोठी चूक ठरते.

पाणी फिरवण्याचे काम बुडबुडे करतात. उभ्या पाइपच्या तळाशी हवा सोडली, की पाइपमधले पाणी आणि हवा यांचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते आणि वर चढू लागते. त्याची जागा घ्यायला खालून नवे पाणी पाइपमध्ये शिरते. पाइप जितका खोल बुडालेला, तितका हा उपसा जोरकस. हीच गोष्ट वापरून आपण पाणी बरणीच्या झाकणातून आत घेणार, थरांमधून खाली उतरवणार आणि मधल्या पाइपने पुन्हा वर काढणार आहोत.

साहित्य

रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची, सुमारे १ लिटरची आणि १८ सेंमीच्या आसपास उंच अशी प्लॅस्टिकची बरणी घ्यावी. बरणीच्या तळाशी त्रिकोणी खुणेत आकडा असतो. १, २ किंवा ५ असा आकडा असलेले प्लॅस्टिक या कामाला चालते. पण आकड्यापेक्षाही बरणीचा पूर्वेतिहास महत्त्वाचा आहे. तिच्यात खाण्याचाच पदार्थ होता याची खात्री हवी. फिनेल, कपडे धुण्याचा द्रव, रंग, कीटकनाशक किंवा इंजिन ऑइल ठेवलेला डबा कितीही वेळा धुतला तरी घेऊ नये, कारण अशी द्रव्ये प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि आठवडेच्या आठवडे झिरपत राहतात.

मधल्या पाइपसाठी वायरिंगच्या किंवा नळजोडणीच्या कामातून उरलेला प्लॅस्टिकचा तुकडा पुरतो. त्याचा आतला व्यास १२ ते १५ मिमी असावा. पाइप फार रुंद असला तर बुडबुडे पाण्याला बरोबर न नेता एकटेच वर निसटतात, आणि फार अरुंद असला तर घर्षणातच जोर संपतो. लांबी टाकीतल्या पाण्याच्या उंचीपेक्षा १ सेंमी कमी ठेवावी. म्हणजे पाणी २६ सेंमी असेल तर पाइप २५ सेंमी.

याखेरीज हवेची मऊ नळी, हवेचा पंप आणि उलटा प्रवाह अडवणारा छोटा चेक व्हॉल्व्ह लागेल. या तीन गोष्टी मात्र भंगारात शोधू नयेत. वापरलेली सलाइनची नळी अनेक जण हवेसाठी वापरतात. ती आकाराने बरोबर बसते, पण तिच्यात औषधाचा किंवा रक्ताचा अंश असू शकतो, म्हणून मी ती कधीही वापरत नाही आणि इतरांनीही वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बरणीच्या आत भरायचे साहित्य. यातला सर्वांत मोलाचा घटक म्हणजे खापऱ्या. फुटलेल्या, न रंगवलेल्या, चकाकी नसलेल्या मातीच्या कुंडीचे तुकडे जिवाणूंसाठी फार चांगले, कारण भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. कुंडीत कधी खत किंवा औषध घातलेले असेल तर ती टाळावी. तुकडे १० ते १५ मिमी एवढे करावेत. बारीक करण्याचा फायदा साध्या हिशेबाने कळतो: ३ सेंमी बाजू असलेल्या एका घनाचे एकूण पृष्ठफळ ५४ चौरस सेंमी असते, आणि त्याचेच १ सेंमीचे २७ घन केले तर ते १६२ चौरस सेंमी होते. मग आणखी बारीक का करू नये, असा प्रश्न पडेल. बारीक तुकडे एकमेकांत गच्च बसतात, पाण्याची वाट बुजते आणि मघाशी सांगितलेला गुदमरण्याचा प्रश्न उभा राहतो.

तळासाठी ४ ते ६ मिमीची खडी हवी. खडी पाणी गाळते, पण तिचे खरे काम वजन देण्याचे आहे. ती नसेल तर बरणी तरंगते किंवा कलंडते. खडीची चाचणी घ्यावी: कोरड्या खड्यांवर व्हिनेगरचे काही थेंब टाकून कान जवळ न्यावा. बारीक चरचर ऐकू आली किंवा फेसाचे कण दिसले तर त्या खडीत चुना आहे. संगमरवराचा चुरा, शिंपले आणि पोवळे याच जातीचे. ते पाण्यात हळूहळू विरघळतात, पाणी जड करतात आणि त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, वर नेतात. त्यात आणखी एक धोका दडलेला आहे. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास जाते आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे अमोनिया तेवढाच राहूनही केवळ चुकीच्या खडीमुळे त्याचे विषारीपण कितीतरी पटींनी वाढते.

स्पंज निवडताना तो मोकळ्या छिद्रांचा आहे ना हे पाहावे. तुकडा ओठांना लावून फुंकर मारावी. हवा सहज पलीकडे गेली तर पाणीही जाईल. उपकरणांच्या खोक्यांत येणारा चिवट फोम बहुधा बंद छिद्रांचा असतो आणि तो निरुपयोगी ठरतो. भांडी घासायचा स्पंज घ्यायचा असेल तर त्याच्या वेष्टनावर जंतुनाशक, बुरशीरोधक असे काही लिहिलेले नसावे, कारण जे द्रव्य जंतू मारते ते आपल्या कामाचे जिवाणूही मारते. घासण्याचा हिरवा खरबरीत थर कापून टाकावा. जुन्या सोफ्याच्या गादीतला फोमही शक्यतो नको. त्यावर आगरोधक किंवा कीडरोधक प्रक्रिया झालेली असू शकते.

सर्वांत वरच्या थरासाठी जुन्या उशीतले पॉलिस्टरचे तंतू चालतात. कापूस मात्र अजिबात घालू नये. दिसायला दोन्ही सारखे, पण कापूस वनस्पतिजन्य असल्याने पाण्यात कुजतो आणि ज्या घाणीसाठी फिल्टर लावला तीच वाढवतो. हातात घेतलेला पुंजका कशाचा आहे याची शंका असेल तर त्यातले दोन-चार धागे चिमट्यात धरून पेटवून पाहावेत: कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि थंड झाल्यावर त्याची कडक गुठळी उरते.

तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड यांचा स्क्रू, तार किंवा जाळी फिल्टरमध्ये कुठेही नको. तांब्याचे अल्प प्रमाणही कोळंबी आणि गोगलगायींना मारक ठरते. कोळसा घालावा का, असे पुष्कळदा विचारले जाते. फिल्टरमध्ये वापरतात तो सक्रिय कार्बन वेगळ्या प्रक्रियेने तयार झालेला असतो आणि चुलीतला किंवा शेगडीतला कोळसा त्याची जागा घेत नाही. रोजच्या चालण्यासाठी कार्बनची गरजही नसते, म्हणून तो वगळलेला बरा.

बांधणी

सगळे साहित्य गरम पाण्याने धुवावे. साबण, डिटर्जंट काहीही लावू नये, कारण स्पंज आणि खापऱ्या ते धरून ठेवतात. खापऱ्या आणि खडी बादलीत चोळून, पाणी बदलत, वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी लागते. यात कंटाळा केला तर पहिल्याच दिवशी टाकी लाल होते.

पहिले काम खोट्या तळाचे. दुसऱ्या एखाद्या डब्याचे सपाट झाकण घेऊन त्याची चकती कापावी, अशी की ती बरणीत आडवी सरकेल पण कडेला २ मिमीपेक्षा जास्त फट राहणार नाही. चकतीच्या मधोमध पाइप घट्ट बसेल एवढे भोक करावे आणि बाकी भागावर ३ मिमीची भोके पाडावीत. भोक खड्याहून लहान असले पाहिजे, नाहीतर खडी खाली गळून पाइपचे तोंड बुजवते. ही चकती बरणीच्या बुडापासून दीड सेंमी वर राहण्यासाठी बाटल्यांची तीन-चार बुचे उपडी ठेवावीत किंवा पाइपच्याच दीड सेंमी उंचीच्या चकल्या कापून तिच्याखाली आधाराला द्याव्यात. या मोकळ्या पोकळीत चहूबाजूंनी पाणी गोळा होते, म्हणून थरांचा प्रत्येक भाग सारखा वापरला जातो. घरी केलेल्या बहुतेक फिल्टरमध्ये हा खोटा तळ वगळलेला असतो आणि मग पाणी पाइपच्या आसपासचा सोपा रस्ता धरते, बाकीचे साहित्य नुसतेच बसून राहते.

भोके पाडायला पक्कडीत धरून तापवलेला खिळा किंवा सोल्डरिंग आयर्न चालते. हे काम खिडकीपाशी किंवा उघड्यावर करावे. वितळत्या प्लॅस्टिकचा धूर नाकात जाता कामा नये. खिळा आत गेला की वितळलेले प्लॅस्टिक भोकाभोवती कड्यासारखे उभे राहते आणि थंड झाल्यावर ब्लेडच्या पात्याएवढे धारदार होते. बोट फिरवून ते कडे शोधावे आणि कटरने सपाट तासून टाकावे. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला त्यावर ओरखडा येऊ शकतो.

झाकणावर किती भोके करायची याचा हिशेब असा. १३ मिमी व्यासाच्या पाइपचे छेदफळ सुमारे १३३ चौरस मिमी भरते आणि ४ मिमीच्या एका भोकाचे साडेबारा. म्हणजे ११ भोकांत पाइपएवढी वाट होते. पण भोके हळूहळू शेवाळाने आणि तंतूंनी बुजत जातात, म्हणून चौपट, ४० ते ४५ भोके करावीत. ती झाकणावर मावली नाहीत तर उरलेली बरणीच्या बाजूला, अगदी वरच्या ३ सेंमीच्या पट्ट्यात पाडावीत. त्याखाली एकही भोक नको, कारण तिथून शिरलेले पाणी वरचे थर टाळून सरळ खाली जाते. टाकीत नुकतीच जन्मलेली पिल्ले किंवा लहान कोळंबी असेल तर झाकणावर पातळ स्पंजचा तुकडा रबराने बांधावा.

पाइपच्या खालच्या टोकाला कटरने उलट्या व्ही आकाराच्या चार खाचा कराव्यात, ७-८ मिमी उंच. पाइप बुडावर टेकला तरी या खाचांतून पाणी आत येत राहते. त्यानंतर खालच्या टोकापासून ३ सेंमीवर, म्हणजे चकतीच्या थोडे वर, हवेच्या नळीसाठी भोक करावे. नळी बाहेरून ६ मिमी जाड असेल तर भोक ५ मिमीचेच हवे. नळीचे टोक लेखणीसारखे तिरपे कापून भोकात घालावे, आतून चिमट्याने ओढावे आणि मग तिरका भाग कापून नळी २-३ मिमीच आत राहील इतकी मागे घ्यावी. मऊ नळी भोकात दाबली जाऊन स्वतःच घट्ट बसते आणि चिकटवण्याची गरज पडत नाही. काही जण नळी पाइपच्या वरच्या तोंडातून आत सोडतात. ते सोपे आहे, चालतेही; पण नळी पाइपमधली निम्मी वाट अडवते आणि पाण्याचा उपसा कमी होतो, म्हणून मला बाहेरून जोडलेली नळी पसंत आहे.

सिलिकॉन लावायची वेळ आलीच तर बुरशीरोधक सिलिकॉन, म्हणजे न्हाणीघराच्या फटींसाठी असते ते, घेऊ नये. फिशटँकसाठीचे साधे सिलिकॉन घ्यावे आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, निदान २ दिवस, सुकू द्यावे.

आता भरणी. बरणीत आधार ठेवून चकती आणि पाइप बसवावा, हवेची नळी बरणीच्या भिंतीला लागून वर काढावी. चकतीवर अडीच सेंमी खडी, तिच्यावर ६ सेंमी खापऱ्या, त्यावर ४ सेंमी स्पंज आणि सर्वांत वर २ सेंमी पॉलिस्टरचे तंतू. स्पंजची गोल चकती बरणीपेक्षा किंचित मोठी कापावी, म्हणजे कडेने फट राहत नाही; मध्ये पाइपपुरते भोक. तंतू दाबून भरू नयेत, पिंजून अलगद पसरावेत. शेवटी झाकणातून पाइप आणि हवेची नळी बाहेर काढून झाकण फिरवावे. झाकण फिरवताना नळी पिळली जाते, म्हणून तिचे भोक काठापर्यंत खाच कापून मोकळे ठेवले तर झाकण बसवल्यावर नळी खाचेत सरकवता येते.

टाकीत नेण्याआधी बादलीत

भरलेला फिल्टर थेट टाकीत ठेवू नये. बादलीत पाणी घेऊन त्यात तो २ ते ३ दिवस सलग चालवावा. या काळात पाण्यावर टिकून राहणारा फेस, तेलकट तवंग, रंग किंवा वास आढळला तर साहित्यात काहीतरी चुकीचे आहे आणि ते शोधून काढल्याखेरीज पुढे जाऊ नये. चाचणीच्या पट्ट्या असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी पीएच मोजावा. व्हिनेगरच्या चाचणीतून निसटलेला चुना इथे सापडतो.

याच वेळी प्रवाहही मोजता येतो. बादली पुरेशी खोल असावी, पाणी पाइपच्या तोंडाच्या जरा वर यावे. पाइपच्या वरच्या तोंडावर हवा काढून चपटी केलेली प्लॅस्टिकची पिशवी पाण्याखालीच धरावी, १५ सेकंदांत जमलेले पाणी मापात ओतावे. अर्धा लिटर भरले तर मिनिटाला २ लिटर, तासाला १२० लिटर. ४५ लिटरच्या टाकीचे पाणी तासाला अडीच वेळा फिल्टरमधून जात आहे, आणि मोजक्या माशांसाठी एवढे पुरेसे आहे. निम्म्याहूनही कमी भरत असेल तर आधी वरचे तंतू काढून पुन्हा मोजावे. बहुतेक वेळा तेच जास्त दाबले गेलेले असतात. तरीही फरक पडला नाही तर खापऱ्या फार बारीक झाल्या आहेत किंवा पंप तेवढ्या खोलीपर्यंत हवा ढकलू शकत नाही.

टाकीत बसवताना बरणी पाण्यात तिरकी धरून आतली हवा निघून जाऊ द्यावी आणि मग तळाशी कोपऱ्यात उभी करावी. पाइपचे तोंड पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिले पाहिजे. तोंड पाण्याबाहेर आले तर उपसा घटतो आणि रात्रभर खळखळ ऐकू येते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. वीज गेल्यावर नळीत हवेचा दाब राहत नाही, पाणी उलटे चढते, आणि पंप खाली असेल तर टाकीतले पाणी पंपातून जमिनीवर येऊ शकते. उंचीवर ठेवणे शक्य नसेल तर चेक व्हॉल्व्ह अनिवार्य आहे; तो कोणत्या दिशेने लावायचा हे फुंकून पाहावे, पंपाकडून टाकीकडे हवा जावी आणि उलट जाऊ नये. पंपाची वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये एक झोळ प्लगच्या पातळीखाली सोडावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे थेंब झोळाच्या तळाशी गळतात आणि प्लगपर्यंत पोहोचत नाहीत.

पहिले सहा आठवडे

सर्वांत जास्त मासे याच काळात मरतात. टाकी रिकामी असेल तर मासे न आणता फिल्टर चालू ठेवावा आणि रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. सुरुवातीला अमोनिया चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. त्यानंतर नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य आले, की फिल्टर तयार झाला. पाणी २५ ते २८ अंश असेल तर याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, थंड पाण्यात अधिक. एखाद्या परिचिताची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या बरणीत स्पंजच्या थरावर ठेवावा. हा एक तुकडा कित्येक दिवसांची वाट पाहणे वाचवतो.

मासे आधीच टाकीत असतील तर ते फार थोडे ठेवावेत, दिवसाआड अगदी कमी खाद्य द्यावे आणि अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला ०.२५ मिलिग्रॅमच्या वर गेले की २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. बदलीचे पाणी क्लोरिनमुक्त हवे. साधा क्लोरिन पाणी दिवसभर उघडे ठेवून किंवा हवा सोडून उडून जातो. काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असते, ते असे उडत नाही आणि त्यासाठी क्लोरिनरोधक द्रव वापरावाच लागतो.

देखभाल

मी बांधलेला पहिला फिल्टर चार महिने उत्तम चालला. एका सकाळी तो खोलून मी स्पंज आणि खापऱ्या नळाच्या जोरदार धारेखाली चोळून चोळून अगदी नव्यासारख्या केल्या आणि मोठ्या समाधानाने परत बसवल्या. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले आणि मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून हवा घेऊ लागले. अमोनिया मोजला तेव्हा काय झाले ते उमगले: जी तपकिरी बुळबुळीत साय मी घाण समजून धुतली होती, त्यातच जिवाणूंची वस्ती होती, आणि उरलेसुरले नळाच्या क्लोरिनने संपवले होते. रोज निम्मे पाणी बदलत काही मासे वाचवले, तीन मासे गेले. त्या तीन माशांबद्दल मला आजही वाईट वाटते, कारण चूक सर्वस्वी टाळता येण्यासारखी होती.

म्हणून फिल्टर धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. पाणी बदलताना काढलेले पाणी बादलीत घ्यावे, स्पंज त्यात चार-पाच वेळा दाबून सोडावा, गाळ सुटला की थांबावे. स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे. वरचे पॉलिस्टरचे तंतू आठवड्याला धुवावेत किंवा बदलावेत, कारण बहुतेक कचरा तिथे अडतो आणि जितका काळ तो तिथे राहील तितका काळ कुजून अमोनियाच देईल. स्पंज महिन्यातून एकदा. खापऱ्यांना तीन-चार महिने हात लावू नये, आणि लावला तरी एका वेळी निम्म्याच खंगाळाव्यात. दोन थर एकाच दिवशी कधीही धुवू नयेत. मोठ्या टाकीत दोन लहान बरण्या ठेवायला सांगितले ते याचसाठी: एक साफ करताना दुसरीतली वस्ती शाबूत राहते.

कधी साफ करायचे हे दिनदर्शिकेपेक्षा पाइपचे तोंड चांगले सांगते. बुडबुडे तेवढेच असून पृष्ठभागावरची लाट मंदावली, तर वरचे थर तुंबले आहेत. बुडबुडेच कमी झाले असतील तर दोष हवेच्या बाजूला आहे: नळी दुमडली असेल, चेक व्हॉल्व्ह अडला असेल किंवा पंपातला रबरी पडदा थकला असेल. बुडबुडे पाइपऐवजी झाकणाच्या भोकांतून येताना दिसले तर खालच्या भोकातून नळी निसटली आहे.

वीज गेली तर पहिले दोन-तीन तास काळजीचे कारण नाही. त्यापुढे बरणीतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. पाच-सहा तासांहून जास्त काळ फिल्टर बंद राहिला असेल, तर तो सुरू करण्याआधी बरणी बाहेर काढावी, तिच्यातले पाणी ओतून द्यावे, वरचे तंतू टाकीच्या पाण्यात खंगाळावेत आणि मगच चालू करावा. नाहीतर आत साचलेले दूषित पाणी एकदम टाकीत उपसले जाते. खापऱ्या तोवर ओल्या राहतील एवढे मात्र पाहावे. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप जवळ असेल तर हा प्रश्नच येत नाही.

नायट्रेट हा फिल्टर काढत नाही. ते साचत राहते आणि म्हणून दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणे सुटत नाही. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. मनी प्लांटची मुळे टाकीच्या पाण्यात सोडली तर ती काही नायट्रेट शोषून घेतात. पाने पाण्याबाहेर राहू द्यावीत.

बरणीचे प्लॅस्टिक वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होऊ शकते, विशेषतः टाकीवर ऊन येत असेल तर. चिरा दिसू लागल्या की नवी बरणी तयार करावी, पण जुन्या खापऱ्या आणि स्पंज टाकीच्या पाण्यात भिजलेले ठेवून, त्याच क्रमाने, त्याच तासाभरात नव्या बरणीत हलवावेत. जुन्या खापऱ्यांतल्या मूठभर काढून त्यांच्या जागी नव्या घातल्या, तर त्या काढलेल्या मूठभर खापऱ्यांवर दुसऱ्या टाकीचा फिल्टर सहा आठवड्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांतही उभा राहू शकतो.